यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी : खर्च, परतावा आणि प्रतीक्षेचे मूल्य

पदवीला किती खर्च येतो, असे विचारले असता सामान्यतः महाविद्यालयाच्या शुल्कपत्रकाकडे बोट दाखविले जाते. आणि तिच्यापासून लाभ काय, असे विचारले असता पहिल्या नेमणुकीच्या वेतनाकडे. ही दोन्ही उत्तरे अपुरी होत. शुल्क हा खर्चाचा एक भाग आहे, व पहिले वेतन हे लाभाचे केवळ प्रारंभस्थान आहे. या दोहोंच्या मध्ये जो काळ जातो त्याचेही मूल्य असते, आणि यांत्रिक अभियांत्रिकीच्या बाबतीत तेच बहुधा निर्णायक ठरते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील एका सर्वपरिचित पर्यायाच्या आधारे या मूल्याचा विचार केला आहे.

१. प्रश्नाची पार्श्वभूमी

पुण्यातील अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला, तो सरकारच्या बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरविण्यासाठी. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था १८८७ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर दीर्घकाळ या शिक्षणाचा मोठा भार सार्वजनिक निधीने उचलला. १९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जागांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु त्याबरोबरच शिक्षणाचा खर्च शासनाच्या अंदाजपत्रकातून कुटुंबाच्या जमाखर्चात आला. अशा महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या राज्य अधिनियमानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. शुल्कावर नियमन आले तरी पदवी घ्यावी की नाही, हा निर्णय व त्यातील जोखीम कुटुंबाचीच राहिली.

२. खर्चाचे दुसरे अंग

शिक्षण ही मनुष्यात केलेली भांडवली गुंतवणूक होय, हा विचार थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० व १९६१ मधील लेखांत आणि गॅरी बेकर यांनी १९६४ मधील ग्रंथात व्यवस्थितपणे मांडला. शुल्ट्झ यांनी अमेरिकेतील माध्यमिक व उच्च शिक्षणाचा खर्च मोजला, तेव्हा त्यातील निम्म्याहून अधिक भाग विद्यार्थ्यांनी न कमावलेल्या वेतनाचा निघाला. हाच वैकल्पिक परिव्यय होय. तो कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो, म्हणून सहज दृष्टिआड होतो.

महाराष्ट्रात हा परिव्यय स्पष्टपणे दिसतो तो पदविकाधारकाच्या बाबतीत. दहावीनंतर तीन वर्षांची यांत्रिक अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे दोन मार्ग असतात : पिंपरी-चिंचवड, चाकण किंवा कोल्हापूर येथील एखाद्या कारखान्यात नोकरी धरणे, अथवा पदवी अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेऊन आणखी तीन वर्षे शिकणे. पहिला मार्ग समोर असल्यामुळे दुसऱ्याची किंमत काढता येते.

३. एक ढोबळ हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत; ते कोणत्याही पाहणीचे निष्कर्ष नव्हेत. शुल्क, पुस्तके, प्रवास व घराबाहेर राहण्याचा जादा खर्च मिळून वर्षाला १.५ लाख रुपये, आणि पदविकाधारकाची नोकरी धरली असती तर मिळाले असते ते वेतन वर्षाला २ लाख रुपये मानू. तीन वर्षांचा एकूण भार १०.५ लाख रुपये होतो. त्यांपैकी ६ लाख हे न मिळालेले वेतन आहे. किमती स्थिर आहेत, सर्व रकमा वर्षारंभी येतात-जातात आणि पदवीनंतरची सेवा ३५ वर्षांची आहे, असे समजू.

वटावाचा दर १० टक्के धरल्यास या भाराचे वर्तमान मूल्य सुमारे ९.५७ लाख रुपये होते. ते भरून निघण्यासाठी पदवीधराचे वेतन पदविकाधारकाच्या वेतनापेक्षा सेवेच्या पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत दरमहा सुमारे १०,००० रुपयांनी अधिक असावयास हवे. दर ६ टक्के धरला तर हीच रक्कम सुमारे ६,४०० रुपयांवर येते. पदवीनंतर एक वर्ष नोकरीच मिळाली नाही, तर १० टक्के दराने आवश्यक अंतर १०,००० वरून सुमारे १२,८०० रुपयांवर जाते. ब्लॉग, लेयार्ड व वुडहॉल यांनी १९६९ मधील ग्रंथात भारतीय पदवीधरांच्या बेकारीचा विचार शिक्षणाच्या परताव्याबरोबर केला, त्यामागील कारण या एका आकड्यावरून ध्यानी येईल.

४. परतावा उशिरा येतो

वेतनातील अंतर पहिल्या दिवसापासून असते, हे गृहीत मात्र यांत्रिक शाखेला फारसे लागू पडत नाही. पदवीधर कारखान्यात येतो तो प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून. त्याच वेळी तीन वर्षांपूर्वी कामावर लागलेला पदविकाधारक यंत्रांची जुळणी, मापतपासणी व दुरुस्ती यांत मुरलेला असतो. मालकाच्या दृष्टीने त्या घडीला दोघांच्या उपयुक्ततेत मोठे अंतर नसते. अंतर पडते ते पुढे, जेव्हा आराखडा, उत्पादन-नियोजन किंवा कारखान्याचे व्यवस्थापन यांसारख्या जागांसाठी पदवीची अट आडवी येते.

समजा, पहिली पाच वर्षे दोघांचे वेतन सारखेच राहिले. मग उरलेल्या ३० वर्षांत दरमहा किती अंतर हवे? ६ टक्के दराने सुमारे ९,००० रुपये; १० टक्के दराने सुमारे १६,५०० रुपये. पदवी तीच, महाविद्यालय तेच, शुल्कही तेच. परंतु स्वतःच्या बचतीतून खर्च करणाऱ्या कुटुंबाला जी पदवी परवडते, तीच कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला जवळजवळ दुप्पट फलद्रूप झाली तरच परवडते. प्रतीक्षेचे मूल्य म्हणतात ते हे.

उशिरा येणारे अंतर टिकतेच, असेही नाही. डेव्हिड डेमिंग व कदीम नोरे यांनी अमेरिकेतील आकडेवारीवरून २०२० मध्ये असे दाखविले की, संगणकशास्त्र व अभियांत्रिकी यांसारख्या उपयोजित विषयांच्या पदवीधरांचा वेतनलाभ प्रारंभी सर्वाधिक असतो व नोकरीच्या पहिल्या दशकात निम्म्याहून अधिक घटतो; कारण कामाला लागणारी कौशल्ये बदलतात आणि शिकलेली जुनी होतात. तेव्हा केवळ आरंभीच्या वेतनावरून पुढील ३५ वर्षांचे अनुमान बांधणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे.

५. कर्जाची मुदत आणि लाभाची मुदत

भारतीय बँक संघाच्या नमुना शैक्षणिक कर्जयोजनेत परतफेडीची सवलत अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष एवढी असते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली केंद्र शासनाची व्याज अनुदान योजनाही या सवलतकाळापुरतेच व्याज भरते. म्हणजे ज्या वर्षांत पदवीचा लाभ अद्याप दिसूही लागलेला नसतो, नेमक्या त्याच वर्षांत हप्ते सुरू होतात. पदवी अखेरीस लाभदायक असली तरी मधला काळ तगून राहणे कुटुंबाला अशक्य होऊ शकते. आणि मग पदवीधर आपल्या विषयातील, पण कमी वेतनाची नोकरी सोडून आज दोन पैसे अधिक देणाऱ्या दुसऱ्या क्षेत्राकडे वळतो. त्यात त्याचा दोष नाही. हिशेबच त्याला तिकडे ढकलतो.

ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये उत्पन्नाशी निगडित परतफेडीची पद्धत स्वीकारली. तीत पदवीधराचे उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच परतफेड सुरू होते. दुसरा उपाय न मिळालेल्या वेतनाचा भार टाळण्याचा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी चालणाऱ्या पदवी अभ्यासक्रमांना वाट करून दिली आहे. वरील उदाहरणात पदविकाधारकाने नोकरी न सोडता तेवढ्याच काळात पदवी घेतली, तर १० टक्के दराने व पाच वर्षे वेतनवाढ न मिळताही आवश्यक अंतर १६,५०० वरून सुमारे ७,००० रुपयांपर्यंत उतरते. त्याच्या श्रमाची व झोपेची किंमत या आकड्यात धरलेली नाही, हे मात्र विसरता कामा नये.

६. निष्कर्ष

यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी फायद्याची आहे काय, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. विद्यार्थ्याने विचारावयाचे प्रश्न तीन : पदवी न घेतल्यास आज कोणते काम मिळते, पदवीमुळे कोणती जागा खुली होते, आणि ती खुली होईपर्यंत घर किती वर्षे थांबू शकते. यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बुद्धिमत्तेवर नव्हे, तर घरच्या सांपत्तिक स्थितीवर अवलंबून असते. शुल्कात सवलत दिल्याने खर्चाचा एक भाग हलका होतो. प्रतीक्षेचा भार मात्र तसाच राहतो. तंत्रशिक्षणातील समान संधीचा विचार करताना धोरणकर्त्यांनी व संशोधकांनी या भाराची स्वतंत्र मोजदाद करणे अगत्याचे आहे.