परमुलखातले माहेर

पुणे जिल्ह्यात वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यातली लेक गुंजण मावळात दिली, तर मध्ये डोंगराची एक सोंड येते. भोरच्या हिरडस मावळातली मुलगी वेळवंड खोऱ्यात गेली, तर पावसाळ्याचे चार महिने माहेरचा निरोपही उशिरा पोचायचा. नकाशावर हे अंतर काही कोसांचे; पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ते परमुलखाइतके होते. पाण्याची चव वेगळी, चुलीची रीत वेगळी, बोलण्याची ढब वेगळी, आणि चुकले तर सावरून घेणारे कोणी नाही. फलटणच्या निंबाळकरांची लेक सईबाई शिवाजी महाराजांची पत्नी होऊन भोसल्यांच्या घरात आली आणि १६५९ मध्ये राजगडावरच तिने देह ठेवला. राणी असो की कुणब्याची लेक, या खोऱ्यांतली बाई घर सोडून परक्या जागी रुजण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे.

या कामाची नोंद बायकांनी स्वतः ठेवली, ती जात्यावरच्या ओव्यांत. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या मदतीने या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आज ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येतो आहे. त्याचा मोठा हिस्सा पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातला आहे. तो वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. ओवी गाणारी बाई सासर सोडून पळण्याचे गात नाही. ती माहेरी न्यायला भाऊ मुराळी म्हणून कधी येईल हे गाते, आईच्या घरची वाट गाते, परक्या गावात जोडलेल्या मैत्रिणीला बहीण मानल्याचे गाते. परक्या जागी टिकायचे तर पाठीशी एक घर लागते, हे या बायकांना पक्के ठाऊक होते.

समुद्रापार गेलेल्या पहिल्या मराठी स्त्रियांची चरित्रे याच नजरेने वाचली, तर त्यांचा वेगळाच अर्थ लागतो. आपण त्यांचे धैर्य सांगतो, आणि ते सांगायलाच हवे. पण त्या परदेशात कशाच्या आधारावर उभ्या राहिल्या, याकडे आपले लक्ष कमी जाते. आजच्या मुलींना उपयोगी पडेल ते नेमके तिथे आहे.

रोझेलची मावशी

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. सोबत नवरा नव्हता, नात्यातले कोणी नव्हते. मिशनरी स्त्रिया होत्या. निघण्याआधी, २४ फेब्रुवारीला, त्यांनी सेरामपूर कॉलेजात इंग्रजीत भाषण केले. अमेरिकेला का जाता, एकट्या का जाता, परत आल्यावर जात वाळीत टाकेल त्याचे काय, असे लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी सांगितले.

पण त्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा अनोळखी जगात उतरल्या नाहीत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा १८८० पासून पत्रव्यवहार होता. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी नियतकालिकात छापले गेले होते. कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना ते वाचले आणि आपण होऊन लिहिले. पुढची तीन वर्षे पत्रे आली-गेली. सणवार, खाणेपिणे, बालविवाह, बायकांची दुखणी, सगळ्यांवर लिहून झाले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. बोट सुटण्यापूर्वीच परदेशात त्यांचे एक घर तयार होते. कॉलेज सुरू होण्याआधीचे महिने त्यांनी याच घरात काढले.

त्यानंतर फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात खरी कसोटी लागली. पेन्सिल्व्हेनियाचा हिवाळा, स्वतः रांधायचे शाकाहारी जेवण आणि अभ्यासाचा डोंगर. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी गुजराती धाटणीची साडी स्वीकारली. साडी मात्र सोडली नाही. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांची जातीने काळजी घेतली. तरी प्रकृती ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. नात्यातल्या माणसासारखी त्यांची जागा तिथे राखली गेली.

या कथेतला धडा कठोर आहे. मनाला आधार होता, तो देहाला पुरला नाही. उबदार खोली, पुरेसे अन्न आणि वेळेवर उपचार यांची जागा हिंमत घेऊ शकत नाही.

आधाराची किंमत

त्याच १८८३ च्या एप्रिलात पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या. त्या विधवा होत्या आणि सोबत दोन वर्षांची मनोरमा होती. प्रवासखर्चाला त्यांच्या ‘स्त्री धर्म नीति’ या पुस्तकाच्या विक्रीची मदत झाली. वॉन्टेजच्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या, पण फुकट नाही. राहण्याच्या मोबदल्यात त्यांनी भारतात जाणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचे, असे ठरले होते. परक्या घरात राहतानाही आपले काहीतरी देणे असावे, हा त्यांचा बाणा होता.

ती वर्षे सोपी नव्हती. सोबत आलेली मैत्रीण वॉन्टेजमध्येच मरण पावली. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण आश्रय देणाऱ्यांनी सांगितलेले सगळे मान्य केले असे नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि इतरांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला. श्रद्धेच्या बाबतीत स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच मानेन, हे त्या त्यात वारंवार आणि निर्भीडपणे सांगतात. त्या शाकाहारीच राहिल्या. आधार देणारा माणूस आपल्याकडून काही अपेक्षा ठेवतो, आणि त्या अपेक्षांना नाही म्हणता येणे हाही परदेशी टिकण्याचा भाग आहे. रमाबाईंइतक्या स्पष्टपणे हे कोणी दाखवून दिलेले नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या होत्या आणि आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. मग जवळजवळ तीन वर्षे त्यांनी तो देश पालथा घातला, भाषणे दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. १८८९ मध्ये त्या परतल्या आणि ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे मराठी पुस्तक निघाले. निव्वळ नवलाईचे वर्णन करून त्या थांबल्या नाहीत. तिथल्या बायकांनी संस्था कशा उभारल्या, हक्क कसे मागितले, आणि तिथेही काळ्या माणसांना व मूळ रहिवाशांना कसे वागवले जाते, हे त्यांनी लिहिले.

रखमाबाईंची गोष्ट याच सुताची. लहानपणी लावलेल्या लग्नाचा नवरा नांदायला बोलावतो, म्हणून १८८४ पासून चाललेला खटला त्यांनी सोसला. १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पीची यांचे पाठबळ होते आणि लंडनमध्ये मॅक्लारेन दांपत्याचे घर होते. शिक्षण पुरे करून त्या परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. रमाबाई आणि रखमाबाई दोघींना घर मिळाले. पण त्या घरात शिरताना दोघींकडे स्वतःचे काम आणि स्वतःचा निश्चय होता.

ज्यांना घर नव्हते

पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. देवरुखकडची, विशीत विधवा झालेली ही बाई महर्षी कर्व्यांची मेहुणी. कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम, हाताशी पैसा थोडा, वाट पाहणारी मावशी नाही. त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले. भांडी घासली, झाडलोट केली, आणि त्या घरांतच भाषा शिकल्या. १९२० पर्यंत त्या तिथे राहिल्या आणि आश्रमासाठी मदत मिळवून परतल्या. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’त हे सारे त्यांनी सरळ शब्दांत सांगितले आहे.

आनंदीबाईंसारख्या स्त्रियांच्या यादीत पार्वतीबाईंचे नाव क्वचित येते. पण भोर-वेल्ह्याच्या मुलीला त्या जास्त जवळच्या वाटाव्यात. तयार आधार नसताना कष्टाच्या कामातून आधार तयार करता येतो, आणि उतारवयातही नवी भाषा शिकता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

आजची वाट

आता या खोऱ्यांतल्या मुली पुण्यात शिकतात, नर्सिंग करतात, संगणकाच्या कंपन्यांत लागतात, आणि त्यांतल्या काही परदेशी जातात. काही नोकरीवर, काही लग्न होऊन. आईचे प्रश्न जुनेच आहेत: खाईल काय, आजारी पडली तर कोण, नवऱ्याने किंवा मालकाने त्रास दिला तर जाईल कुठे? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. त्यांना नेमकी उत्तरे द्यायला हवीत, आणि ती आहेत.

पहिले उत्तर दहावीचे. ज्याचे शिक्षण दहावीपेक्षा कमी, त्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ म्हणजे ‘परदेशगमनाआधी तपासणी आवश्यक’ असा शिक्का असतो. अशा पासपोर्टवर आखाती देशांसह ठरावीक देशांत कामाला जायचे तर सरकारी परवानगी लागते, आणि स्त्रीचे वय ३० पेक्षा कमी असेल तर ती मिळत नाही. नियम फसवणूक टाळण्यासाठी आहे. पण नियम चुकवून पर्यटन व्हिसावर नेणारे दलाल बाईला अशा जागी सोडतात, जिथे कायदा तिला ओळखत नाही. म्हणून मुलीची दहावी पुरी होणे ही तिच्या परदेशातल्या सुरक्षिततेची पहिली पायरी आहे.

दुसरे उत्तर कागदांचे. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टचे नियम सोपे झाले. विवाहित अर्जदाराला विवाह प्रमाणपत्राची सक्ती राहिली नाही आणि आई-वडिलांपैकी एकाचेच नाव पुरेसे झाले. एकट्या आईच्या मुलीसाठी, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईसाठी हा मोठा दिलासा आहे. पासपोर्ट मात्र स्वतःच्या ताब्यात हवा. मालकाच्या किंवा सासरच्या कपाटात नव्हे.

तिसरे उत्तर पैशाचे. नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेला गेलेल्या अनेक शिकल्यासवरल्या बायकांना वर्षानुवर्षे कमावण्याची मुभा नव्हती. २०१५ च्या मे महिन्यापासून एच-फोर व्हिसावरच्या काही पत्नींना ती मिळाली, तीही अटींसह. स्वतःच्या नावाचे खाते आणि त्यात परतीच्या तिकिटापुरती रक्कम असणे, हा नवऱ्यावरचा अविश्वास नाही. रमाबाईंनी मठात राहतानाही मराठी शिकवण्याचा करार केला, त्यामागचे शहाणपण हेच.

चौथे उत्तर माणसांचे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. संकटात सापडलेल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून कल्याण निधी आहे, आणि ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर २०१५ पासून तक्रार नोंदवता येते. परदेशी विवाहातल्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात स्वतंत्र कक्ष आहे. पण संस्थेचा पत्ता ठाऊक असणे वेगळे आणि रात्री फोन उचलणारी बाई असणे वेगळे. ती ओळख जाण्याआधी करावी लागते. आनंदीबाईंनी तीन वर्षे पत्रे लिहिली. आजच्या मुलीला तीन महिने पुरतील, पण ते द्यायला हवेत.

हे काम एकट्या मुलीवर सोडू नये. भोरच्या आणि वेल्ह्याच्या महाविद्यालयांनी, ग्रामपंचायतींनी, बचत गटांनी तालुक्यातून परदेशी गेलेल्या स्त्रियांची त्यांच्या संमतीने यादी ठेवावी आणि नव्याने निघालेल्या मुलीची त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. दलालाने दिलेला करार तिच्यासोबत वाचणारे कोणीतरी तालुक्याच्या गावी असावे. लग्न परदेशी ठरले, तर मुलाच्या पगाराइतकीच चौकशी व्हिसाच्या प्रकाराची व्हावी. आणि एखादी मुलगी सहा महिन्यांत परत आली, तर तिला हरलेली म्हणू नये. परतीची वाट उघडी आहे हे ठाऊक असेल, तरच पुढची मुलगी निर्धास्त निघेल. मुराळी पाठवण्याची रीत या खोऱ्यांनी शतकानुशतके पाळली. समुद्रापार गेलेल्या लेकीसाठी ती पाळणे हे आता आपल्या सगळ्यांचे कर्तव्य आहे.