लाल गोळीच्या पलीकडे

भिलाईत काय किंवा पुण्यात काय, सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लाल गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. ती हवीच, कारण २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. पण तेवढ्याने भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून जवळच्या सहा खेड्यांत अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, हातपाय काटकुळे, तरी कातडीखालची चरबी मात्र इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत फारशी कमी नाही. बहुतेक मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट (फॉलिक आम्ल) जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होत असावी.

‘आमच्या आज्या वरणभातावरच बाळंत झाल्या’ हे खरं. पण बी-१२च्या उणिवेचा परिणाम बाळंतपणात दिसत नाही, मुलांच्या चाळिशीत दिसू शकतो. बी-१२ वरणात नाही, भाजीत नाही. ते दूध-दही, अंडी, मासे यांत असतं. बी-१२ आणि मधुमेह यांच्यात नुसता संबंध दिसला आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून फॉलिक आम्ल सोडू नये. ते बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळायला मदत करतं. भिलाई ज्या राज्यात आहे त्या छत्तीसगडमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो. तेव्हा गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर डॉक्टरांना सांगून बी-१२ आणि सिकलसेल, दोन्ही तपासून घ्यावं.