प्रोसेसरची वीज आणि कर्नलची मुभा

प्रोसेसरचा वेग २० टक्क्यांनी उतरवला तर वीज किती वाचेल? २० टक्क्यांपेक्षा बरीच जास्त. वेग कमी झाला की चिपचं कमी व्होल्टेजवर भागतं, आणि ट्रान्झिस्टरच्या उघडझापीला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलते. व्होल्टेजही २० टक्क्यांनी उतरलं, तर ०.८ तीनदा घेऊन गुणाकार करा, एकदा वेगासाठी आणि दोनदा व्होल्टेजसाठी: हा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो.

लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०१४ सालच्या ३.१३ आवृत्तीपासून प्रोसेसरच्या विजेवर मर्यादा घालण्यासाठी ‘पॉवरकॅप’ नावाची सोय आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर ती ‘रॅपल’ या यंत्रणेच्या जोरावर चालते; ही यंत्रणा २०११ च्या सँडी ब्रिज चिपपासून आली. वापरायची रीत अगदी साधी. एका फाइलमध्ये १५०००००० हा आकडा लिहायचा. तो मायक्रोवॅटमध्ये असतो, म्हणजे मर्यादा झाली १५ वॅट. कर्नल हा आकडा चिपच्या रजिस्टरमध्ये पोहोचवतं. पुढचा लगाम चिप स्वतःच आवळते. मर्यादा ठरावीक मुदतीतल्या सरासरीवर असते. अनेक लॅपटॉपवर ही मुदत २८ सेकंदांची असते, म्हणून एखादं जड वेबपान उघडताना प्रोसेसर काही क्षण १५ वॅट ओलांडू शकतो. त्या उसळीलाही वेगळी, वरची मर्यादा असतेच.

पण लगाम घालायचा तर आधी मोजावं लागतं. खर्च झालेली ऊर्जा दाखवणारी फाइल कर्नलने एके काळी कुणालाही वाचू दिली होती. तिच्यामागचा आकडा साधारण दर मिलिसेकंदाला बदलतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह नोव्हेंबर २०२० मध्ये ‘प्लॅटिपस’ हा हल्ला जाहीर केला. नुसते हे आकडे पुन्हापुन्हा वाचून त्यांनी कूटलेखनाच्या गुप्त किल्ल्या हुडकून काढल्या! प्रोसेसर कोणते बिट हाताळतो, यानुसार विजेत पडणारा बारीकसा फरक त्यांना पुरला.

त्यानंतर ती फाइल फक्त ‘रूट’ला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकाच्या खात्याला, वाचता येऊ लागली. निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमतही मोठी आहे. आपला प्रोग्राम किती वीज खातो हे सामायिक सर्व्हरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला आता परवानगीशिवाय पाहता येत नाही. सेकंदाला एकदाच बदलणारा, मुद्दाम ढोबळ केलेला आकडा सर्वांना खुला ठेवायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. त्यातून किल्ली शोधणं फार अवघड होईल, आणि वीज कुठे जाते ते मात्र स्पष्ट दिसेल.