सर्किट बोर्डावरील परतीची वाट

ओतकाम, यंत्रांचे सुटे भाग आणि हायड्रॉलिक्स यांसाठी बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत ओळखली जाते. १९७९ साली स्थापन झालेले गोगटे इन्स्टिट्यूट हे अभियांत्रिकी महाविद्यालयही याच परिसरात आहे. यंत्रे आता संगणकीय नियंत्रणावर चालतात. त्यामुळे हिरव्या सर्किट बोर्डाची आखणी हा विषय केवळ बेंगळुरू-पुण्याचा राहिलेला नाही. बेळगाव-निपाणी भागातील आणि गोव्यातील नवअभियंत्यांना त्यात काम आहे. मात्र टेबलावर नीट चालणारा बोर्ड कारखान्यात शेजारची मोटर सुरू होताच अडखळतो, असा अनुभव या क्षेत्रात नवा नाही. अशा वेळी दोष अनेकदा सुट्या भागांत नसतो. तो विद्युतप्रवाहाच्या परतीच्या वाटेत असतो.

बोर्डावर एका चिपकडून दुसरीकडे जाणारा तांब्याचा ट्रॅक आपल्याला दिसतो. परंतु प्रवाह जितका जातो, तितकाच त्याला परत यावे लागते. ही परतीची वाट म्हणजे ग्राउंड प्लेन, अर्थात बोर्डाच्या आतील थरात पसरलेला तांब्याचा सलग पत्रा. संथ प्रवाह कमीत कमी रोधाचा मार्ग धरतो आणि या पत्र्यावर ऐसपैस पसरून परततो. वेगवान संकेताचे तसे नसते. वारंवारता काही लाख हर्ट्‌झच्या पुढे गेली की परतीचा प्रवाह थेट ट्रॅकच्या खालून वाहू लागतो, कारण जाण्या-येण्याच्या वाटांमधील वेढा तेथे सर्वांत लहान असतो.

आता या पत्र्यात ट्रॅकच्या खालीच चीर पडली आहे, अशी कल्पना करावी. चोर्ला घाट बंद झाला की बेळगाव-गोवा वाहतुकीला अनमोड किंवा आंबोलीचा वळसा पडतो. तसाच वळसा परतीच्या प्रवाहालाही पडतो. वेढा मोठा होतो आणि अँटेनासारखा वागू लागतो. तो स्वतः विद्युतचुंबकीय लहरी बाहेर टाकतो आणि बाहेरच्या लहरी आतही ओढून घेतो. मोटर सुरू होताच बोर्ड अडखळण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

दोन तारांची जोडी

या उपद्रवावरील दुसरा उपाय म्हणजे डिफरेन्शियल पेअर. यात एकच संकेत दोन ट्रॅकवरून परस्परविरुद्ध रूपात पाठवला जातो आणि ग्रहण करणारी चिप फक्त दोहोंतील फरक वाचते. बाहेरचा उपद्रव दोन्ही ट्रॅकवर सारखाच पडला, तर तो वजाबाकीत नाहीसा होतो. कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी पीळ दिलेल्या तारांच्या जोडीचे पेटंट १८८१ मध्ये घेतले होते. आज यूएसबी, इथरनेट आणि कारखान्यांतील आरएस-४८५ ही सारी जोडणी याच तत्त्वावर चालते.

जोडीचा लाभ मात्र दोन्ही ट्रॅक जुळे असतील तेव्हाच मिळतो. बोर्डाच्या नेहमीच्या एफआर-४ साहित्यात संकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर धावतो. सेकंदाला ५ अब्ज बिट वाहणाऱ्या यूएसबी ३.० मध्ये एक बिट जेमतेम ३ सेंटिमीटर जागा व्यापतो. तेथे दोन ट्रॅकच्या लांबीतील काही मिलिमीटरचा फरकही महाग पडतो. रुंदी आणि अंतरही ठरलेले हवे. यूएसबी २.० साठी जोडीचा इम्पिडन्स ९० ओहम, तर इथरनेटसाठी १०० ओहम अपेक्षित असतो. तो मध्येच बदलला की संकेताचा काही अंश उलट परावर्तित होतो.

जोडी आहे म्हणजे खालच्या ग्राउंडची गरज उरली नाही, हा एक रूढ गैरसमज आहे. बोर्डावरील दोन ट्रॅक एकमेकांशी जितके बांधलेले असतात, त्याहून सहसा खालच्या पत्र्याशी अधिक बांधलेले असतात. त्यामुळे चिरेवरून नेलेली जोडीही बिघडते.

पाळावयाची पथ्ये

वेगवान ट्रॅकखालील ग्राउंड अखंड ठेवावे. संकेत एका थरातून दुसऱ्या थरात उतरत असेल, तर त्याच्या शेजारीच ग्राउंड जोडणारे छिद्र द्यावे. अन्यथा परतीच्या प्रवाहाला उतरण्यासाठी जिनाच उरत नाही. शक्य असेल तेथे दोन थरांऐवजी चार थरांचा बोर्ड घ्यावा. त्याचा खर्च अधिक असतो, पण चाचणीत नापास झालेला बोर्ड नव्याने आखण्याचा खर्च त्याहून जड जातो.

हे शिकण्यास मोठे भांडवलही लागत नाही. कीकॅडसारखी मोफत संगणकप्रणाली घरच्या संगणकावर चालते. बोर्ड बनवण्यास धाडण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रत्येक वेगवान ट्रॅकवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारावा: याचा प्रवाह परत कोठून येणार? उत्तर नकाशावर दाखवता येत नसेल, तर आखणी अजून पुरी झालेली नाही.