बीपीची गोळी आणि उसाचा हंगाम

उच्च रक्तदाब गोळीने कायमचा जात नाही, ताब्यात राहतो. तोही गोळी रोज पोटात जात असेल तोवरच. अहिल्यानगर जिल्ह्यात यातली खरी अडचण दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि पुढचे कित्येक महिने फडाजवळ कोपी करून राहतात. गावच्या आरोग्य केंद्रातली गोळी मागे राहते. काही दुखत नसल्याने खंड पडल्याचे जाणवतही नाही, पण वाढलेला दाब मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर आपले काम करत राहतो.

सरकारी दवाखान्यात बहुधा ॲम्लोडिपीन किंवा टेल्मिसार्टन मिळते. गरज पडल्यास लघवी वाढवणारे क्लोरथॅलिडोन जोडले जाते. दाब १४०/९० च्या खाली राहावा, हे सर्वसाधारण लक्ष्य. तो खाली आला म्हणून गोळी बंद करणे ही सर्रास होणारी चूक आहे. तो गोळीमुळेच खाली आलेला असतो. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडीन एकाएकी थांबवले, तर दाब उसळू शकतो आणि हृदयावर ताण येतो. एखादी गोळी राहिली, तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा शोषते, म्हणून ती सुटी करून डबीत न ठेवता घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढावी.

सर्वांत मोठा धोका मात्र बीपीच्या गोळीत नसून तिच्या जोडीने घेतल्या जाणाऱ्या अंगदुखीच्या गोळीत आहे. पहाटेपासून वाकून तोड करायची, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, मग मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचे, हे फडावर नेहमीचेच. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवून दाब वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना त्यांची भर पडली, त्यात घामाने अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. दुखणे कमी करायला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित. जुलाब-उलट्या लागल्या, तर बीपीच्या गोळ्यांचे काय करायचे ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि खोकल्यासाठी रोज चघळलेल्या ज्येष्ठमधानेही दाब चढतो, हे फारसे कुणी सांगत नाही.

ॲम्लोडिपीनने पायाच्या घोट्याला सूज येते, काहींना चक्कर येते. उठताना आधी बसून मग उभे राहावे. सूज आली म्हणून गोळी फेकू नये. डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. गर्भवती स्त्रीला टेल्मिसार्टन चालत नाही, बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते. तोडीवर तरुण स्त्रियाही असतात. त्यामुळे दिवस गेल्याची शंका येताच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घेणे अत्यावश्यक आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. रक्तदाबावर नजर ठेवायला अशा जवळच्या माणसाइतका उपयोग कशाचाच नाही. आज हे काम आशाताई आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी करू शकतात. तोडीला निघण्यापूर्वी त्यांच्याकडून दाब मोजून घ्यावा, जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात आणि औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद सोबत ठेवावा. तो दाखवल्यास कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही उपचार पुढे चालवता येतात. दाब मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री टाळावी.

छातीत दुखू लागले, धाप लागली, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर जादा गोळी देत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा.