बांगडा बाधतो तेव्हा

"डॉक्टर, जन्मभर बांगडा खातोय, आजच कसा बाधला?" मासळी खाणाऱ्या भागातल्या दवाखान्यात हा प्रश्न नवा नाही. जेवणानंतर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत तोंड व मान लालबुंद होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते, छातीत धडधडते. कधी उलटी-जुलाबही होतात. घरचे म्हणतात, ॲलर्जी झाली, आणि बांगडा कायमचा बंद होतो. पुष्कळदा ती ॲलर्जी नसतेच.

माशाच्या कल्ल्यांत व आतड्यांत अनेक जिवाणू असतात. त्यांपैकी 'फोटोबॅक्टेरियम' हे तर समुद्रातलेच रहिवासी. बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. पकडलेला मासा वेळेवर बर्फात गेला नाही, तर जिवाणू वाढतात व हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात. ॲलर्जीत आपलेच शरीर हिस्टामिन सोडते. इथे तेच ताटातून पोटात जाते. म्हणून लक्षणे सारखी दिसतात. एकाच कालवणाने घरातल्या तिघा-चौघांना त्रास झाला, तर हिस्टामिनचा संशय घ्यावा.

एकदा तयार झालेले हिस्टामिन उकळून, तळून किंवा फ्रीजमध्ये ठेवून जात नाही. हळद-मीठ, आमसूल यांचाही उपयोग नाही. मासा दिसायला व वासाला चांगला असूनही त्यात ते असू शकते. म्हणून ते तयारच होऊ न देणे हाच उपाय. मासळी बर्फातलीच घ्यावी, बाजारातली इतर कामे उरकून शेवटी घ्यावी आणि घरी येताच कल्ले-आतडी काढून, धुऊन फ्रीजमध्ये ठेवावी.

बहुतेकांचा त्रास दिवसभरात ओसरतो. ॲलर्जीवरच्या गोळीने आराम पडतो, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांनी विशेष जपावे. शरीरात हिस्टामिन नष्ट करणारी व्यवस्था या औषधाने मंदावते, त्यामुळे त्रास वाढतो. मात्र क्षयाची गोळी स्वतःहून बंद करू नये.

श्वास लागला, जीभ किंवा घसा सुजला, घेरी आली, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. ती खरी ॲलर्जीही असू शकते आणि ती जिवावर बेतते. तो मासा पुन्हा खावा की नाही, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.