संशयाकडून भरवशाकडे : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनाच्या संदर्भात एक अभ्यास

बीजसंज्ञा : संशय, विश्वास, भरवसा, ख्रिस्ती अध्यात्म, पंडिता रमाबाई, मुक्ती मिशन

प्रस्तावना

धर्मजीवनात संशयाला सामान्यतः शत्रू मानले जाते. ज्याच्या मनात शंका आहे त्याची श्रद्धा कच्ची, अशी समजूत सर्वच धर्मपरंपरांत कमीअधिक प्रमाणात आढळते. ख्रिस्ती समाजही तिला अपवाद नाही. त्यामुळे प्रामाणिक शंका असणारी व्यक्ती एकतर ती दडपून टाकते किंवा श्रद्धेपासूनच दूर जाते. या दोहोंपेक्षा वेगळा मार्ग ख्रिस्ती परंपरेतच उपलब्ध आहे. मराठी मुलखात या मार्गाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे जीवन होय. संशय ही विश्वासाची विरुद्ध बाजू नसून भरवसा हा आचरणातून हळूहळू शिकला जाणारा गुण आहे, हे त्यांच्या जीवनाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संज्ञांचे स्पष्टीकरण

मराठीत 'विश्वास' हा एकच शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. एखादे विधान खरे मानणे हा एक अर्थ, आणि एखाद्या व्यक्तीवर विसंबणे हा दुसरा. 'देव आहे' असे मानणारा मनुष्य संकटकाळी देवावर विसंबेलच असे नाही. पहिली बुद्धीची संमती आहे. दुसरा जीवनाचा कल आहे. या दुसऱ्या अर्थासाठी 'भरवसा' हा शब्द अधिक नेमका वाटतो.

बायबलच्या मूळ भाषांत हा दुसरा अर्थ ठळक आहे. हिब्रू भाषेतील 'आमान' या धातूत स्थिर असणे, टेकू देणे हा भाव आहे. प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा 'आमेन' हा शब्द त्याच धातूपासून आला. ग्रीक 'पिस्तिस' या शब्दातही निष्ठा आणि विश्वासूपणा अभिप्रेत आहे. उलटपक्षी, पाण्यावर चालताना बुडू लागलेल्या पेत्राच्या प्रसंगी (मत्तय १४:३१) संशयासाठी योजलेल्या 'दिस्ताझो' या ग्रीक क्रियापदात दोन ठिकाणी उभे असल्याची, म्हणजेच डळमळण्याची कल्पना आहे. याकोबाच्या पत्रात ज्या संशयी माणसाची कानउघाडणी केली आहे, त्यालाही 'द्विचित्त' अशा अर्थाचे विशेषण लावले आहे. तेथील आक्षेप प्रश्न विचारण्यावर नाही. दुभंगलेल्या निष्ठेवर आहे.

बायबलमधील संशयाचे स्थान

पवित्र शास्त्रात संशय लपवून ठेवलेला नाही. स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रे विलापाची आहेत. हबक्कूक संदेष्टा अन्यायाविषयी देवालाच जाब विचारतो. ईयोबाच्या कथेच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर ठरावीक उत्तरे देणाऱ्या त्याच्या मित्रांवर. बंदिवासात असलेला बाप्तिस्मा करणारा योहान, येणारा तो येशूच काय, हे विचारण्यासाठी शिष्य पाठवतो. थोमाला पुरावा हवा असतो आणि त्याला शिष्यमंडळातून वगळले जात नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाचा पिता आपला विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात येशूपुढे ठेवतो, आणि त्याच्या मुलाला आरोग्य मिळते. या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे : शंका देवापासून दूर जाऊन नव्हे, तर देवाकडेच नेऊन मांडलेली आहे.

रमाबाईंचा संशय

रमाबाईंच्या संशयाचे मूळ अनुभवात होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत पुराणकथन करून निर्वाह करीत. व्रते, उपवास आणि दानधर्म यांत सारे द्रव्य संपले आणि दुष्काळाच्या काळात, १८७४ च्या सुमारास, वडील, आई व बहीण पाठोपाठ निवर्तली. पुढे १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचाही मृत्यू झाला. ज्या देवतांवर कुटुंबाने सर्वस्व सोपवले त्यांनी साद दिली नाही, ही त्यांची भावना होती. कलकत्त्यात धर्मशास्त्रांच्या अभ्यासात स्त्रियांविषयीची वचने वाचल्यावर ही शंका अधिक गडद झाली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोऱ्हे या मराठी धर्मपंडिताच्या विवेचनाचा या निर्णयात वाटा होता. तथापि बाप्तिस्म्याने त्यांचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि अथनासियसचा मतांगीकार यांविषयी त्यांनी उघडपणे शंका घेतल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना या शंकांत अहंकार व आज्ञाभंग दिसला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्याशी संयमाने चर्चा केली. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मठातील आज्ञाधारकतेपेक्षा आपल्या सदसद्विवेकाला देवापुढे अधिक उत्तरदायी मानणारी स्त्री त्यात दिसते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की रमाबाईंनी शंकेपायी प्रार्थना किंवा बायबलचे वाचन सोडले नाही, आणि प्रार्थनेपायी शंका गिळलीही नाही.

संमतीकडून भरवशाकडे

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन झाले व पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. रमाबाई नंतर आपल्या आत्मनिवेदनात सांगतात त्यानुसार, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता. परंतु ख्रिस्ताशी व्यक्तिगत नाते नव्हते. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन वाचल्यावर आपल्या स्थितीची त्यांना जाणीव झाली. सिद्धान्त मान्य करणे आणि स्वतःला सोपवणे यांतील अंतर त्यांनी येथे ओळखले.

या भरवशाची परीक्षा लवकरच झाली. १८९३ मध्ये सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून मोठा वाद झाला. धर्माबाबत तटस्थतेचे आश्वासन मोडले गेले, अशी पालकांची व सल्लागारांची तक्रार होती; आपली प्रार्थना दार लावून का करावी, असा रमाबाईंचा प्रश्न होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. माणसांचा आधार असा सुटत गेला.

१८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील भुकेल्या मुलींचे हाल ऐकून रमाबाईंना आपले बालपण आठवले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचे साहाय्य उच्चवर्णीय विधवांसाठी आणि दहा वर्षांच्या मुदतीचे होते. दुष्काळातील मुलींसाठी निश्चित तरतूद नव्हती. ब्रिस्टलमध्ये कोणापुढेही हात न पसरता अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. जे इंग्लंडात घडले ते या देशात घडेल काय, हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्नही संशयच होता. पण त्याचे उत्तर त्यांनी ग्रंथांत शोधले नाही. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या आणि केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले.

हा भरवसा निष्क्रिय नव्हता. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम, तेलाचा घाणा व छापखाना सुरू झाला. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि आश्रमवासीयांची संख्या हजारावर गेली. धान्य संपत आले असता प्रार्थना करणे आणि त्याच दिवशी विहिरीचे काम चालू ठेवणे यांत रमाबाईंना विसंगती वाटली नाही. 'देव पुरवील' हे वाक्य त्यांच्यासाठी कामातून सुटका नव्हती. फळाची हमी नसताना काम सुरू करण्याचे ते बळ होते.

भरवशाची मर्यादा आणि परिपक्वता

देवावर भरवसा म्हणजे दुःखापासून संरक्षण, असा अर्थ येथे काढता येत नाही. मुक्तीचा वारसा जिच्याकडे जायचा ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी निवर्तली. लहानपणी अशाच मृत्यूंनी रमाबाईंची श्रद्धा ढासळली होती. या वेळी ती टिकली. बायबल सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत आणण्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला होता. ते काम त्यांनी चालू ठेवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी आपला देह ठेवण्यापूर्वी भाषांतर पूर्ण केले. एकेकाळी सिद्धान्तांविषयी शंका घेणारी बुद्धीच येथे शब्दाशब्दाची छाननी करताना दिसते. भरवसा आल्यावर चिकित्सा संपली नाही. तिला कार्य मिळाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, बौद्धिक शंका आणि दुभंगलेली निष्ठा यांत भेद करणे आवश्यक आहे. बायबलचा निषेध दुसरीला आहे. दुसरी, शंका अधिकाराच्या बळावर दडपल्याने विश्वास दृढ होत नाही. सिस्टर जेराल्डिन व डोरोथिया बील यांच्या दोन भिन्न भूमिकांतून हे ध्यानात येते आणि अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाला ते विचारार्ह आहे, कारण विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला उद्धटपणा समजण्याची चूक वर्गातही होते. तिसरी, भरवसा युक्तिवादाने सिद्ध होत नाही. तो एकेका पावलाने शिकला जातो. रमाबाईंनी सर्व प्रश्न सुटण्याची वाट पाहिली असती, तर केडगावची पहिली विहीर खणली गेली नसती.